चित्रांतल्या प्राण्याचें अंगडें-टोपडें

बारशाला आलेल्या बायका आधीं मुलाचें तोंड पाहतात कीं आधीं त्याचें अंगडें-टोपडें, असा प्रश्न मीं आमच्या वहिनींना एकदां विचारला होता. “आधीं टोपडें,” त्या म्हणाल्या, “तोंड काय, तें पुढें जन्मभर पाहावयाचेंच असतें.” वहिनींचें वय आज एकोणऐंशी आहे, आणि अंगडीं-टोपडीं शिवण्यांत त्यांचा हात धरणारें आमच्या घरांत अजून कोणी निपजलें नाहीं. त्यामुळें गेल्या महिन्यांत घरांत जो वाद उत्पन्न झाला त्यांत त्यांचें मत सर्वांच्या आधीं घेतलें गेलें, यांत नवल नाहीं.

वाद असा. थोरल्या चिरंजीवांची कन्या, वय वर्षें पंधरा, हिनें आपल्या वडिलांपाशीं कांहीं डॉलर मागितले. कशाकरितां, तर संगणकावरील एका खेळांतल्या प्राण्याचें रूप पालटण्याकरितां. प्राणी खरा नव्हे, चित्रांतला. चिरंजीव म्हणाले, “चित्राच्या नटण्या-मुरडण्याला खरे पैसे?” सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, परंतु त्यांनीं भांडीं जरा जोरानें ठेवलीं. वहिनींनीं निकाल दिला कीं, बाहुलीला आम्हींहि शिवीत होतों, पण तें शिंप्याकडून उरल्या चिंध्या आणून, आणि तें हाताला लागत तरी होतें. मग सर्वांची दृष्टि माझ्याकडे वळली. आतां हा प्राणी मुळांत नातीचा नसून माझ्या धाकट्या कन्येचा आहे, आणि त्याच्या चरित्रांत माझेंहि एक कृत्य नमूद आहे. तें सांगितल्यावांचून मला मत देतां येत नाहीं. म्हणून या महिन्याचें पान त्यालाच देतों.

खेळाचें नांव निओपेट्स. ॲडम पॉवेल व डॉना विल्यम्स या दोघां ब्रिटिश तरुणांनीं तो १५ नोव्हेंबर १९९९ रोजीं सुरू केला. त्याच्या आधीं तीन वर्षें, म्हणजे १९९६ सालीं, जपानांतील बान्दाई कंपनीनें तामागोची नांवाचें अंड्याच्या आकाराचें एक खेळणें विकावयास काढलें होतें. त्याच्या इवल्याशा कांचेंत एक जीव असे. त्याला वेळेवर खाऊं-पिऊं घातलें नाहीं तर तो मरे, आणि मुलें शाळेंत रडत. निओपेट्समधील प्राणी मात्र मरत नाहींत. उपाशी राहिले तर त्यांच्या नांवापुढें ‘मरणोन्मुख’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द येतो, आणि तो वर्षानुवर्षें तेथेंच राहतो. पुन्हां कोणी चारापाणी केलें कीं पायरीपायरीनें ते तृप्तीस येतात, इतकेंच नव्हे तर अति झाल्यास पोट फुगलें असाहि शेरा मिळतो. ही युक्ति ज्यानें काढली त्याला मुलांचें मन कळत असलें पाहिजे. मृत्यूची भीति काढून घेतली आणि अपराधाची बोचणी तेवढी ठेविली.

या प्राण्यांच्या देशाचें नांव निओपिया. प्राण्यांच्या जाती आज ५५ आहेत. कोणी सशासारखा, कोणी लांडग्यासारखा, कोणी पंख असलेल्या घोड्यासारखा. तेथें निओपॉईंट नांवाचें नाणें चालतें, आणि तें लहानमोठे खेळ खेळून मिळवावें लागतें. पेढी आहे, तिचें व्याज मात्र रोज स्वतः जाऊन उचलावें लागतें, न गेल्यास त्या दिवसाचें बुडालें. एके ठिकाणीं पर्वतप्राय ऑम्लेट मांडलेलें असतें, त्याचा तुकडा दिवसांतून एकदां फुकट उचलतां येतो. ज्याच्या गांठीं जवळजवळ कांहीं नाहीं त्याच्या प्राण्यांना एक परी रांजणांतलें सूप फुकट वाढते. आमच्या तीर्थरूपांनीं माधुकरी मागून विद्या केली. हा रांजण त्यांना समजला असता.

आणि तेथें एक इंद्रधनुष्याचें कुंड आहे. रंगाचा कुंचला मिळवून प्राण्याला त्या कुंडावर नेलें कीं त्याचें रूप पालटतें. साधे तांबडे-निळे कुंचले बेताच्या किमतीचे. परंतु परीचे पंख देणारा, राजवेष देणारा, अथवा जिवंत प्राण्याला चिंध्या भरलेलें शिवणीचें खेळणें करून टाकणारा, असे कुंचले विकत घेण्यास शेंकडों दिवसांची पुंजी लागे. हीं रूपें काढणाऱ्या चित्रकारांनीं त्या काळीं प्रत्येकाला निराळी ठेवण दिली होती. परीचा प्राणी निराळ्याच ढंगानें उभा राही. कापडी प्राण्याचे अवयव खरोखर कापूस भरल्याप्रमाणें सैल पडत.

आमची धाकटी या खेळांत १३ व्या वर्षीं शिरली, २००४ सालीं. त्यापूर्वीं शिरती, पण अमेरिकन कायद्याप्रमाणें तेरा वर्षांखालील मुलाच्या पालकांनीं संमतीपत्रावर सही करून तें फॅक्सनें धाडावें लागे. मजजवळ सही मागण्याची तिची छाती झाली नाहीं. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीं पुतण्याच्या माडीवरील संगणकावर तिनें आपलें नांव दाखल केलें.

मी तेव्हां शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. घरीं परतल्यावर माडीवरून हांका ऐकूं येत, “थांबा हो अप्पा, ऑम्लेट तेवढें देऊन येतें!” ज्या घरांत अंडें कधीं आलें नाहीं त्या घरांत ही आरोळी रोज सायंकाळीं दिवेलागणीला उठे. वहिनींनीं एकदां हात जोडून सांगितलें कीं, बाई, दुसरें कांहीं नसेल तर उपाशी ठेव. पण ती रोज जाई, रोज व्याज उचली, रोज तुकडा आणी. दोन वर्षांहून अधिक काळ पै-पै जमवून तिनें तो कापडाचा कुंचला घेतला आणि आपल्या लाडक्या प्राण्याला त्या कुंडावर नेलें. त्या दिवशीं तिनें आईकडून साखरभात करविला. कारण विचारलें तेव्हां दोघीहि बोलल्या नाहींत.

प्रत्येक प्राण्याच्या नांवें एक पानहि मिळे, आणि तें आपल्या मनाजोगें सजवावयाचें तर एचटीएमएल नांवाची संगणकाची लिपि थोडीबहुत शिकावी लागे. त्या पिढीच्या पुष्कळ मुलींनीं पुढें सांगितलें आहे कीं, या विद्येचीं धुळाक्षरें आपण निओपेट्समध्यें गिरविलीं. आमची धाकटी आज त्याच विद्येवर पोट भरते. हें मला फार उशीरा कळलें. त्या वेळीं माझ्या लेखीं ती केवळ अभ्यास बुडवीत होती.

ती दहावीस गेली तेव्हां, २००७ च्या आरंभीं, मीं तिला खेळाचा परवलीचा शब्द एका कागदावर लिहावयास लावला. कागद लिफाफ्यांत घालून लिफाफा चिकटविला आणि तो आपल्या अमरकोशांत ठेवून दिला. परीक्षा झाली कीं परत देईन, असें वचन दिलें. तिनें तो शब्द मुद्दाम अक्षर-आकड्यांचा घोळ करून बदलला होता, म्हणजे आपणांसहि आठवूं नये. इतकी ती प्रामाणिक. परीक्षा झाली, निकाल चांगला लागला, पेढे वांटले. लिफाफा द्यावयाचें मी विसरलों, आणि तिनें मागितला नाहीं.

त्याच वर्षीं त्या खेळांत एक मोठी उलथापालथ झाली. २००५ सालीं व्हायाकॉम या अमेरिकन कंपनीनें तो १६ कोटी डॉलरांना विकत घेतला होता. तोंपर्यंत प्राण्याला रंग बदलतां येई, परंतु कपडे घालतां येत नसत. २००७ सालीं चालकांनीं वस्त्रें आणलीं: टोप्या, झगे, बूट, गळ्यांतील माळा, हातांत धरावयाच्या वस्तु, मागचे देखावे. त्याच वर्षीं निओकॅश नांवाचें दुसरें चलन आलें; तें खेळून मिळत नाहीं, खरे पैसे भरून घ्यावें लागतें, आणि पुष्कळशीं देखणीं वस्त्रें त्या नाण्यानेंच मिळतात.

यांत अडचण अशी कीं, पन्नासांवर जाती, प्रत्येकीचीं नाना रूपें, आणि प्रत्येक रूपाची ठेवण निराळी. एक टोपी काढावयाची तर ती शेंकडों डोक्यांना बेतावी लागणार. म्हणून चालकांनीं टोपी बेतण्याऐवजीं डोकें बेतलें. प्रत्येक जातीचा एक सांचा ठरविला, आणि त्या जातीच्या बहुतेक सर्व रूपांना त्याच सांच्यांत उभें केलें. अगदीं निराळ्या घडणीचीं थोडीं रूपें, जसें तान्हें बाळ किंवा विद्रूप राक्षस, तेवढीं वगळलीं. त्यांचे कपडे निराळे काढावे लागतात. बाकी सर्व एका मापाचे झाले.

शाळामास्तराला हा प्रकार नवा नाहीं. आमच्या शाळेनें गणवेष काढला त्या वर्षीं शिंप्यानें वर्गांतील तिघां मुलांचीं मापें घेतलीं, लहान, मध्यम व थोर, आणि उरलेल्या चाळिसांना सांगितलें कीं अंग धरेल. पण शिंप्यानें मुलाचें अंग कापून गणवेषांत बसविलें नव्हतें, एवढा फरक आहे. संस्कृतांत नेपथ्य म्हणजे नटाचा वेष, आणि तो जेथें चढवितात ती पडद्यामागची जागाहि नेपथ्यच. वेष उतरला कीं नट घरीं जातो. येथें वेष चढविण्यासाठीं देहच बदलून घ्यावयाचा होता, आणि तो पुन्हां उतरवितां येणार नव्हता.

साधीं रूपें चालकांनीं आपणच पालटलीं. परंतु कुंचल्यानें मिळविलेल्या कांहीं दुर्मिळ रूपांच्या बाबतींत त्यांनीं एक सवलत ठेविली. परी, राजवेष, कापडी, अशांपैकीं ज्या प्राण्यांचीं चित्रें नव्या सांच्यांत पार बदलणार होतीं त्यांच्या मालकांना विचारलें कीं, पालटूं का? होय म्हटलें तर वस्त्रें मिळतील, जुनें रूप कायमचें जाईल. नाहीं म्हटलें तर प्राणी जसा आहे तसा राहील, परंतु उघडा. नवा कुंचला लावून मात्र जुनें रूप पुन्हां कोणाला मिळणार नाहीं. असे न पालटलेले प्राणी त्यामुळें दिवसेंदिवस कमी होत गेले आणि त्यांची चहा वाढत गेली. नियमानें प्राणी निओपॉईंटांना विकतां येत नाहीं. देवघेव करावयाची ती प्राण्याबद्दल प्राणी अशीच. पण एका उघड्या जुन्या प्राण्यासाठीं लोक आपले उत्तमोत्तम प्राणी पुढें करीत, आणि नियम मोडून चोरबाजारांत खरे पैसे मोजणारेहि निघत. सगळें नगर नटलें असतां जे नागवे राहिले त्यांना मोल आलें.

आमचा कापडी प्राणी या नागव्यांपैकीं होता. कोणाच्या निग्रहानें नव्हे. त्याची मालकीण माझ्या अमरकोशांत कुलुपबंद होती म्हणून.

२०१४ सालीं धाकटी अमेरिकेस गेली. शाकुंतलाचा चौथा अंक मीं वर्गांत कितीदां शिकविला याची गणती नाहीं. कण्वाच्या आश्रमांतून शकुंतला सासरीं निघते, तिला नेसावयाचें रेशमी वस्त्र आणि अलंकार आश्रमांतील वृक्षच देतात, आणि तिनें वाढविलेलें हरिणाचें पोर मागून तिचें वस्त्र ओढूं लागतें. विमानतळावर तिला पोंचवून परततांना तो प्रसंग मला आठवला, आणि आमच्याकडे पदर ओढणारें कोणी नाहीं असें वाटून मी गप्प राहिलों.

लिफाफा सांपडला २०१९ च्या मे महिन्यांत. धाकटी सुटीवर आली होती. नात तेव्हां नऊ वर्षांची. पानें उलटण्याचा तिला नाद. अमरकोशांतून लिफाफा खालीं पडला. धाकटीनें आपलें अक्षर ओळखलें, आणि माझ्याकडे पाहिलें. मीं सांगितलें, “माझ्याकडून राहून गेलें.” ती म्हणाली, “असूं द्या अप्पा.” बारा वर्षें झालीं होतीं.

त्या रात्रीं त्यांनीं संगणक उघडला. परवलीचा शब्द चालला. प्राणी जागच्या जागीं होता, नांवापुढें ‘मरणोन्मुख’. हातपाय सैल टाकून बसलेला, कडेनें टांके दिसत आहेत. मीं त्याला आयुष्यांत प्रथमच पाहिलें. धाकटी आधीं ऑम्लेट आणावयास गेली, तें तिनें घांसाघांसानें भरविलें; आणि नात विचारीत राहिली, “आत्या, हा आजोबांमुळें उपाशी होता का ग?”

पुढील दोन दिवसांत मीं या विषयाची जी माहिती मिळविली तीच वर दिली आहे. प्राणी किती दुर्मिळ आहे तें कळल्यावर मला कांहींशी धन्यता वाटूं लागली. बारा वर्षांच्या अन्यायाचें कांहीं तरी चीज झालें होतें. मीं धाकटीला समजावून सांगितलें कीं, आतां याला हात लावूं नये. असे फार थोडे उरले आहेत. हा ठेवा आहे. इकडे नातीला कोठून तरी एक तांबडी टोपी मिळाली होती आणि ती प्राण्याच्या डोक्यावर चढत नव्हती. टोपी ओढून नेली कीं खेळ विचारी, पालटूं का? पुन्हां मागें येतां येणार नाहीं.

धाकटीनें थोडा वेळ चित्राकडे पाहिलें. मग म्हणाली, “अप्पा, मीं हा खेळायला घेतला होता.” आणि नातीच्या हातावर आपला हात ठेवून तिनें होय म्हटलें. सैल बसलेला तो जीव नाहींसा झाला आणि त्याच रंगाचा, त्याच टांक्यांचा, पण सरळ ताठ उभा असा दुसराच कोणी आला. टोपी त्याला नीट बसली. नात टाळ्या वाजवीत वहिनींना दाखवावयास धांवली. वहिनींनीं चष्मा लावून पाहिलें आणि “कान झांकले नाहींत,” एवढा दोष काढला. मी मात्र त्या रात्रीं जेवलों नाहीं, हें येथें कबूल करतों.

जातांना धाकटीनें लिफाफा पुन्हां मजकडे दिला, या वेळीं उघडा. तेव्हांपासून सकाळीं संध्या आटोपली कीं व्याज उचलणें व तुकडा भरविणें माझ्याकडे आहे. वस्त्रांना मी हात लावीत नाहीं. तीं सर्व ॲडोब कंपनीच्या फ्लॅश नांवाच्या साधनानें काढलेलीं होतीं, आणि कंपनीनें तें साधन २०२० च्या अखेरीस बंद केलें. त्या आजाराच्या दिवसांत धाकटीचें येणें रहित झालें होतें, आणि एके सकाळीं पाहतों तों टोपीहि दिसेना. नवीं साधनें बसवून पुष्कळ वस्त्रें पुन्हां दिसूं लागावयास बराच काळ गेला. आमची टोपीहि आली, पण तोंवर मीं नातीला तीनदां सांगितलें होतें कीं कपाटांत असेल.

२०२३ सालीं खेळ नव्या स्वतंत्र मंडळाच्या हातीं गेला, आणि या मंडळींना जुन्या रूपांचें मोल ठाऊक आहे. त्यांनीं कित्येक प्राण्यांचीं जुनीं चित्रें आठवणीचें रूप म्हणून निओकॅशवर विकावयास ठेवलीं आहेत. नव्या सांच्यावर जुनें रूप पांघरावयाचें. जें आम्हीं २०१९ सालीं फुकट घालविलें तें आतां दुकानांत मिळतें. नातीनें वडिलांपाशीं जे डॉलर मागितले ते याचसाठीं. येत्या दिवाळीला आत्या घरीं यावयाची आहे. आपण लहानपणीं हट्टानें जें मोडलें तें तिला परत द्यावें, असें या पोरीच्या मनांत आहे, आणि हें तिनें वडिलांना सांगितलें नव्हतें. मला सांगितलें.

तेव्हां मीं मत दिलें कीं, पैसे माझ्या पेन्शनींतून जातील. वहिनी म्हणाल्या, “निदान यंदा जेवाल तरी.” एक अडचण राहिली. जुनें रूप पांघरलें कीं मागचा देखावा राहतो, पण अंगावरचीं वस्त्रें चढत नाहींत. टोपी काढावी लागते. खरेदीपूर्वीं आत्याला विचारावें असें ठरलें, आणि रविवारीं दूरध्वनीवर नातीनें सगळें सांगितलें. पलीकडे जरा वेळ कांहींच ऐकूं येईना. मग धाकटी म्हणाली, “टोपी राहूं दे ग. आणि अप्पांना विचार, आजचें ऑम्लेट दिलें का?”

दिलें नव्हतें.